परातीवरचे पट्टे

पितळेचं काम करणाऱ्याच्या बैठकीखाली कीस साचत राहतो. रोजचा रोज दिसत नाही, चिमूटभरच असतो. पण सणावाराला झाडून काढला की वाटीभर निघतो, आणि वितळवला तर त्याची एखादी पळी नक्की होते. ऑफिसातल्या गोष्टींचंही तसंच असतं बघा. घडतात तेव्हा कोणाचं लक्ष नसतं. परवा चहा पिताना धनराजनं एक काढली, वैशालीनं दुसरी काढली, मी तिसरी काढली, आणि चहा थंड झाला तरी गोष्टी संपेनात! शेवटी वैशाली म्हणाली, "मामाजी, हे लिहून काढा."

मी शाळेत गेलेलो नाही. अक्षरं शिकलो ती भांड्यांवर गिऱ्हाइकांची नावं कोरता कोरता. त्यामुळे माझं लिहिणं सावकाश चालतं. पण घाई कोणाला आहे?

आमचं ऑफिस म्हणजे भंडाऱ्यात भांड्यांच्या एका दुकानावरची खोली. दोन कंप्युटर, एक पंखा, खिडकीजवळ फोटो काढायचं टेबल आणि जिन्यापाशी माझी खुर्ची. वैशाली ही माझी सून. आधी नागपूरला नोकरी करायची. लग्नानंतर इथे आली आणि स्वतःचं काम सुरू केलं. दुकानदारांच्या मालाचे फोटो काढायचे आणि ते वेबपेजसाठी तयार करायचे. धनराज अड्याळचा. इंजिनिअर, दोन लेकरांचा बाप. रोज एसटीनं येतो आणि वेबपेज बनवतो. आणि मी? गुडघा मांडी घालू देईना म्हणून हातोडी ठेवली, घरी करमेना म्हणून इथे येऊन बसलो. माझं काम चहा सांगायचं. निदान सुरुवातीला तरी एवढंच होतं!

*

सगळं सुरू झालं ते दशरथजींच्या परातीपासून.

दशरथजी आमच्या आळीतले सगळ्यात जुने कारागीर. त्यांची परात म्हणजे तळ्यातलं थांबलेलं पाणी. बोट फिरवलं तर कुठे अडणार नाही. माझा हात गुंडावर बसलेला, म्हणजे पाणी भरायच्या गोल भांड्यावर. माझ्या गुंडाला बाहेरून ठोके असायचे, हातोडीच्या बारक्या खुणा, एकीला एक लागून. ह्याला आम्ही मठारणं म्हणतो. आणि ह्यावरूनच आमच्या दोघांचं आयुष्यभराचं भांडण!

दशरथजी म्हणायचे, "ज्याले साफ जमत नाही, थो ठोके मारते!"

मी म्हणायचो, "ठोक्याबिगर भांडं म्हणजे इस्त्रीचा शर्ट. आत माणूसच नाही!"

आळीत आता भट्टी पेटवणारी मोजकीच घरं राहिली. त्या सगळ्यांनी मिळून एक वेबपेज करायचं ठरवलं, म्हणजे लांबच्या गिऱ्हाइकाला घरबसल्या भांडं दिसेल. अर्धे म्हणाले, वैशालीला काम द्या. अर्धे म्हणाले, "हे काम भंडाऱ्यात होत नाही, नागपूरले द्या." शेवटचा शब्द दशरथजींचा. त्यांनी नमुना म्हणून आपली एक परात पाठवली.

वैशालीनं जीव लावून फोटो काढला. पेजवर चढवला. दशरथजी आले तेव्हा मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी पाहिलं. चष्मा पुसून परत पाहिलं. मग मोबाइल खाली ठेवला.

"ही परात माझी नाही."

"तुमचीच आहे ना जी," वैशाली म्हणाली. "ही काय, टेबलावर ठेवली आहे!"

"टेबलावरची माझी आहे. मोबाइलमधली नाही. हिले पट्टे आहेत. असा माल मी गिऱ्हाइकाले दाखवत नाही, वितळवून टाकतो!"

मी मोबाइल हातात घेतला. खरंच पट्टे होते. संध्याकाळचं आभाळ निळ्याचं केशरी होतं तेव्हा रंग कुठे बदलला ते आपल्याला सापडत नाही. परातीवरचा उजेडही तसाच सरकत सरकत अंधारात जातो. पण ह्या फोटोत तो सरकत नव्हता, पायरी पायरीनं उतरत होता. वैशाली ह्याला बँडिंग म्हणते.

दशरथजी जिना उतरता उतरता बोलून गेले, "गणपत, पोळ्याच्या आत परात परातीसारखी दिसली तर काम तुझ्या सुनेचं. नाही तर नागपूर!"

*

धनराजचं मत पडलं की पट्टे परातीवरच आहेत.

"काकाजी, पितळ काळं पडते ना, थेच असंन. घासून काढू!"

दशरथजींच्या कोऱ्या परातीला कसला आला काळेपणा? पण इंजिनिअर माणूस बोलतोय म्हटल्यावर मी गप्प बसलो. त्यानं चिंच आणली, राख आणली, बाह्या वर केल्या आणि नळाखाली बसून जेवणाच्या सुट्टीपर्यंत परात घासली. अशी लखलखली की काय सांगू! वैशालीनं परत फोटो काढला.

पट्टे कमी व्हायचे सोडून वाढले!

नेमका त्याच वेळी धनराजच्या बायकोचा व्हिडिओ कॉल आला. हा नळाखाली उकिडवा बसलेला, कोपरापर्यंत राख, पुढ्यात परात.

"घरी एक ताट उचलत नाही, अन् तिथं परात घासून राहिले?"

धनराज गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "अवो, हे वेब डेव्हलपमेंट आहे!"

*

वैशालीच्या मोठ्या स्क्रीनवर पट्टे नीट दिसायचे नाहीत. मोबाइलवर दिसायचे, स्क्रीनवर हरवायचे. त्यामुळे तिला कळेना की सुधारणा झाली की नाही.

एकदा तिच्या स्क्रीनकडे बघून मी खुर्चीवरूनच म्हटलं, "सात आहेत."

"काय सात?"

"पट्टे. डाव्या कडेपासून मध्यापर्यंत."

तिनं फोटोचा उजेड-अंधार असा काही ताणला की सगळे पट्टे उघडे पडले. बोट लावून मोजले. "मामाजी, आठ आहेत."

"आठवा काठाखाली आहे ना? थो काठाची सावली आहे. त्याले मोजू नको."

वैशाली माझ्याकडे बघतच राहिली. ह्यात माझं कौतुक नाही. आयुष्यभर पितळेवरचा उजेड बघून पोचा कुठे राहिला ते ओळखायचं, एवढंच तर केलं. पण त्या दिवसापासून प्रत्येक फोटो माझ्या खुर्चीसमोरून जायला लागला. धनराज त्याला "काकाजी टेस्ट" म्हणायचा, आणि मनातून त्याचा काही विश्वास नव्हता.

एक दिवस त्यानं स्क्रीनवर दोन फोटो शेजारी शेजारी लावले. "सांगा काकाजी, ह्यातला खराब कोणता?"

मी बघितलं. चहा आला, तो प्यालो. परत बघितलं. धनराज खुर्चीत चुळबुळ करायला लागला.

"दोन्ही एकच फोटो आहे," मी म्हटलं.

धनराज टाळी वाजवणार, तेवढ्यात मी वाक्य पुरं केलं, "अन् दोन्ही खराब आहे."

*

वैशाली जिद्दीची पोर. आठवडाभर एकाच फोटोवर बसली होती. एक दिवस वैतागून म्हणाली, "मामाजी, मी जितकं साफ करून राहिली, तितके पट्टे वाढून राहिले!"

"साफ काय करते?"

"कॅमेऱ्याचे बारीक दाणे येतात फोटोत. थे पुसते. एकदम गुळगुळीत करते."

मला विचार करायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी घरून पिशवीत दोन लोटे आणले. एक मशीनवर बनलेला, आरशासारखा. दुसरा माझ्या हातचा, मठारलेला. दोन्ही खिडकीत ठेवले.

"बघ."

मशीनच्या लोट्यावर खिडकीचा उजेड उभाच्या उभा चिकटून बसला होता. इथे उजेड संपला, तिथे अंधार सुरू झाला, मधे सरळ कड. माझ्या लोट्यावर उजेड एका बाजूनं निघून दुसऱ्या बाजूला कधी विझला ते कळतच नव्हतं.

"ठोका उजेडाले एका जागी उभा राहू देत नाही," मी म्हटलं. "थोडा इकडं लोटते, थोडा तिकडं. मग डोळ्याले शिवण सापडत नाही."

वैशालीनं लोटा उचलला. फिरवला. खाली ठेवला. परत उचलला. आणि एकदम कपाळावर हात मारला.

"अगं बाई! म्हणजे मी आठवडाभर ठोकेच पुसून राहिली होती!"

*

दुसऱ्या दिवशी तिनं मूळ फोटो नव्यानं घेतला आणि पुसायचं सोडून उलट बारीक दाणे त्यात पेरले. कंप्युटरवर तशी सोय असते म्हणे. पण पहिला हात होता, जड पडला. मला दाखवलं.

मी म्हटलं, "सुनबाई, परातीत रवा कायले चाळला?"

तिनं कमी केलं. "आता?"

"आता मैदा झाला."

आणखी कमी केलं. "आता?"

मी बघितलं. दाणे दिसत नव्हते. पट्टेही दिसत नव्हते. उजेड आपला सावकाश काठाकडे निघाला होता, माझ्यासारखा, काठी टेकत टेकत.

"थांब. आता हातोडी ठेव."

तेव्हापासून आमच्या ऑफिसात दाणे पेरायला "मठारणं" म्हणतात. धनराजला तर त्याची इतकी सवय लागली की नागपूरच्या एका गिऱ्हाइकालाही फोनवर बोलून गेला, "सर, फोटो मठारून संध्याकाळपर्यंत पाठवतो."

"मठारून? हे कोणतं सॉफ्टवेअर आहे? नवीन आलं का?"

धनराजनं एकदा माझ्याकडे बघितलं. "नाही सर, जुनंच आहे. पण अजून एकदाही हँग झालं नाही. फक्त गुडघे दुखतात!"

*

मधेच बपेऱ्याहून एक जोडपं आलं. मध्य प्रदेशच्या सीमेजवळचं गाव. तिथं नदीकाठी दोन खोल्या बांधून ते पाहुण्यांना राहायला देतात, त्याचं वेबपेज करायचं होतं. नवऱ्यानं संध्याकाळच्या आभाळाचा एक फोटो आणला होता. तो ह्याच्या मोबाइलवरून त्याच्या, त्याच्यावरून आणखी कोणाच्या, असा चार हातांतून फिरून दाबून दाबून बारीक झालेला. आभाळात नुसते पट्टेच पट्टे!

वैशाली म्हणाली, "ह्यात आता जीव नाही राहिला जी. ज्या मोबाइलनं फोटो काढला, थो मोबाइलच आणा. मी त्यातून मूळचा फोटो घेते."

नवरा काही ऐकेना. "राहू द्या ना मॅडम! पट्ट्यानं कशी शोभा येऊन राहिली. लुगड्याचा काठच जसा!"

वैशाली हटेना, तो हटेना. त्याची बायको इतका वेळ गप्प बसली होती. तिनं स्क्रीनकडे मान वळवली आणि हळूच विचारलं, "अवो, आपल्या बपेऱ्यात सूर्य असा जिना उतरून जाते का?"

नवरा उठला तो सरळ बसस्टँडवर गेला. दुसऱ्या दिवशी पुतण्याचा मोबाइल घेऊन दोघं परत हजर! वैशालीनं मूळचा फोटो काढून घेतला, जरासा मठारला आणि स्क्रीनवर लावला.

बाई खूप वेळ बघत होती. मग नवऱ्याला म्हणाली, "हव. आता बुडाला."

*

पट्टे जायला लागले तर दुसरंच भांडण निघालं. दाणे पेरले की फोटोची फाइल जड होते. जड झाली की पेज उघडायला वेळ लागतो.

धनराज म्हणाला, "मॅडम, अड्याळले नेटवर्क कुठं आहे? तुमची एक परात उघडेपर्यंत माझ्या आईची भाजी शिजते!"

वैशाली म्हणाली, "हलकी करायले तू परत दाबशील, अन् पट्टे परत येतीन!"

"पट्टे पाहाले आधी पेज उघडलं तर पाहिजे!"

झालं. दोघांचं बोलणं बंद. एकमेकांच्या हाताच्या अंतरावर बसायचे आणि निरोप माझ्याकडून द्यायचे. "मामाजी, त्याले सांगा, फाइलले हात लावू नको." "काकाजी, मॅडमले सांगा, पेज मी बनवतो." मी खुर्चीवरून उठायचो, दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे. असे दोन दिवस गेले. गुडघा सुजला!

तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "सगळ्या परातीले सारखे ठोके कायले मारता?"

दोघांनी एकदम मान वर केली.

"गुंड मठारताना आम्ही गळ्यापाशी ठोके मारत नव्हतो. गळ्याले, काठाले, कड्याले आपापलं वळण असते, तिथं उजेड स्वतःच मोडते. पोटावर थो घसरते. ठोके पोटावर मारायचे. सगळीकडं सारखे ठोके नवशिका मारते."

वैशालीनं परातीचा काठ सोडला, धरायची कडी सोडली. फक्त मधला सपाट भाग आणि फोटोसाठी परातीमागे टांगलेलं कापड, जिथे रंग सावकाश बदलतो, तेवढंच मठारलं. धनराजनं फाइल बघितली. बरीच हलकी निघाली! पट्टे नाहीत ते नाहीतच.

धनराज माझ्याकडे वळला. "काकाजी, हे तुम्हाले पहिल्या दिवशीच माहीत होतं?"

"हव."

"मग दोन दिवस बोलले काहून नाही?"

"तुम्ही दोघं मले निरोप सांगून राहिले होते. विचारलं कोणी?"

*

पोळा चार दिवसांवर आला. फोटो तयार होता. काकाजी टेस्ट झाली होती. सकाळी वैशालीनं परात पेजवर चढवली, मोबाइलवर उघडली आणि तिचा चेहराच उतरला.

पट्टे!

कंप्युटरवर बघितलं, फोटो चोख. पेजवर बघितलं, पट्टे. काढून परत चढवला. परत पट्टे. तिसऱ्यांदा चढवला. मग तिनं मोबाइल उपडा ठेवला आणि डोकं टेबलावर टेकलं.

"मामाजी, लोक बोलते थेच खरं असंन. हे काम भंडाऱ्यात होत नाही."

हे वाक्य आळीत मी कितीदा ऐकलं होतं. तिच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. मी खाली जाऊन चहा सांगून आलो.

वर आलो तर धनराजचे कान लाल झालेले. "मॅडम… एक सेटिंग आहे."

"कोणती?"

"पेजवर फोटो चढला की पेज त्याले आपोआप आणखी दाबते. हलका करायले. आपलं भांडण झालं तेव्हा मीच लावून ठेवली होती. अड्याळच्या लोकांसाठी. मग विसरलो."

वैशाली उठून उभी राहिली. "म्हणजे मी इथं दिवस दिवस मठारून राहिली, अन् तुझं पेज त्याले इस्त्री करून राहिलं?"

मला हसू आवरेना. मग तिलाही आवरेना. धनराज आधी घाबरला, मग तोही हसला. त्यानं ती सेटिंग बंद केली, परात परत चढवली आणि आपल्या आईला अड्याळला लिंक पाठवली. आईचा मोबाइल जुना, काच तडकलेली. तिथे उघडलं तर कुठेही उघडेल. आम्ही तिघं वाट बघत बसलो. आईचा फोन आला. धनराजनं स्पीकर लावला.

"आई, उघडलं का?"

"हव, लवकर उघडलं."

"पट्टे दिसते का?"

"नाही बापा, पट्टे-बिट्टे काही नाही." मग आई म्हणाली, "पण परात चिंचेनं घासली वाटते. कोण आहे रे थो कामाचा माणूस?"

*

पोळ्याच्या दोन दिवस आधी दशरथजी आले. ऑटोनं आले. खालून त्यांचा आवाज ऐकू आला. ऑटोवाल्याशी बोलत होते, पण आम्हालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"थांब गा इथंच. पोत्यात आळीची सगळी भांडी आहे. पोतं इथं उतरते का नागपूरच्या गाडीत चढते, थे पाच मिनिटात सांगतो."

जिना चढून वर आले. माझ्या खुर्चीत बसले. मी उभा राहिलो. वैशालीनं मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि दोन्ही हात ओढणीखाली घेतले.

दशरथजींनी चष्मा काढून पुसला, परत घातला. मोबाइल घेऊन खिडकीपाशी गेले. उजेडात धरला. असा कलता केला, तसा कलता केला, आम्ही भांडं करतो तसा. एकदा काचेवरून नख फिरवलं.

"पट्टे नाही."

धनराज खुर्चीतून अर्धा उठला.

"परात माझी आहे."

धनराज ओरडणारच होता. मी त्याचा हात दाबला, कारण दशरथजींनी मोबाइल अजून खाली ठेवला नव्हता. त्यांनी तो आणखी जवळ आणला, अगदी नाकाशी. बराच वेळ तसाच धरला. मग माझ्याकडे वळले.

"गणपत. ह्या परातीले ठोके आहेत."

वैशालीनं माझ्याकडे बघितलं. खाली ऑटोवाल्यानं हॉर्न वाजवला.

"दिसत नाही. पण आहेत," दशरथजी म्हणाले. "मी माझ्या परातीले जन्मात ठोका मारला नाही."

"हव," मी म्हटलं.

"तुझेही नाही. तुझा हात मी ओळखतो. जड आहे. इतका बारीक ठोका तुले साता जन्मात जमणार नाही."

"नाही जमणार."

"मग कोणाचे आहे?"

"सुनेचे," मी म्हटलं.

दशरथजींनी वैशालीकडे बघितलं. मग ओढणीखालून तिचे हात बाहेर यायची वाट बघितली. ते आले, तेव्हा हातांकडे बघितलं. मग मोबाइल तिच्या हातात दिला, खिडकीतून वाकले आणि खाली ओरडले,

"अबे ऑटोवाल्या! पोतं वर आण!"